सहावी सही

शेवटचा पेपर दिला की सुटलो, असं सांगणाऱ्यानं नो ड्यूजचा, म्हणजे कोणाचं काही देणं उरलं नाही असं लिहून घेण्याचा, फॉर्म कधी भरलेला नसतो. एका पानाचा साधा कागद. वर नाव आणि पीआरएन नंबर, खाली सहा चौकोन: आपला विभाग, विभागाचं छोटं ग्रंथालय, ऑफिस, जिमखाना, हॉस्टेल आणि विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी. प्रत्येक चौकोनात सही आणि शिक्का. सहाही भरले की पुढची कागदपत्रं हलणार. मी जन्मापासून बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी. हॉस्टेलचं दार पाहिलं तेही मैत्रिणींना हाक मारायला गेले तेवढंच. तरी त्यांची सही हवीच, 'ही मुलगी आमच्याकडे राहत नव्हती' एवढं सांगायला. इतिहासात एम.ए. करणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटावा. अमुक माणूस अमुक ठिकाणी नव्हता, याचा शिक्का मारलेला पुरावा आम्हाला एरवी कुठे मिळतो!

फॉर्म सोमवारी हातात आला आणि शुक्रवार ही शेवटची तारीख होती. आठवडाभरात सहा सह्या म्हणजे काहीच नाही, असा माझा हिशेब होता.

पहिली सही विभागप्रमुखांची. ती मिळण्याआधी डेझर्टेशनची बांधीव प्रत जमा करायची असते. आमच्याकडे सगळं शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे प्रबंधही इंग्रजीत. माझा विषय होता बडोदे संस्थानातली फिरती ग्रंथालयं. सयाजीरावांनी 1906 साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सोडल्यावर खेड्यातल्या पोरानं वाचायचं काय? हातात पुस्तकच नसेल तर चार वर्षांत अक्षरओळखही पुसली जाणार. म्हणून महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणवलं. त्यानं बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, 1911 साली ग्रंथपालांचे वर्ग सुरू केले आणि पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव जायला लागल्या. पेटी गावात यायची, लोक वाचायचे, मग ती पुढच्या गावाला. माणूस तीन वर्षं इथे राहिला आणि 1913 मध्ये परत गेला, पण मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांचे जुने लोखंडी घोडे आणि काचेची जमीन आजही आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपावा म्हणून जमीन काचेची. पहिल्यांदा त्यावरून चालताना मी चपला हातात घेतल्या होत्या, उगीचच.

तर या बॉर्डनसाहेबाचा माझ्या कॉम्प्युटरनं परस्पर 'बर्डन' करून टाकला होता. म्हणजे ओझं. नव्वद पानांत मी तो शोधून शोधून दुरुस्त केला. आतलं सगळं तीनदा वाचलं, मुखपृष्ठ वाचायचं राहिलं. फतेहगंजच्या बाइंडरनं मरून रंगाच्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत उठवून दिलं: 'मिस्टर बर्डन आणि बडोद्याची फिरती ग्रंथालयं'. माझ्या गाइडनी प्रत हातात घेतली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, ''प्रबंध लिहिताना तुला जे वाटलं ते प्रामाणिकपणे छापलंयस.'' परत फतेहगंज, परत पैसे. बाइंडरकाकांनी जुनं कव्हर फाडताना मला विचारलं, ''ठेवायचंय का आठवण म्हणून?'' ठेवलंय.

व्हायव्हा मात्र बरी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी सहज विचारलं, ''या फिरत्या पेट्यांतली पुस्तकं हरवत नसत का?'' मी म्हटलं, हरवत असणारच, पण त्याचे आकडे अजून पाहायचेत. परीक्षक हसले. तेव्हा मला माहीत नव्हतं की या प्रश्नाचं जास्त नेमकं उत्तर माझ्या घरातच आहे.

फेअरवेलबद्दल काय सांगू? ज्युनिअर्सनी मनापासून केलं होतं. फुगे, टायटलं, गार पडलेले समोसे. मला टायटल मिळालं 'तळटीप', कारण मी वर्गात कोणाचंही बोलणं झालं की खाली काहीतरी जोडायचे. मुली साड्यांत, मी आजीची नऊवारी नेसून गेले आणि चालताना तीनदा निऱ्या सावरल्या. मुलांनी पांढरे शर्ट आणले होते सह्या घ्यायला. एकाच्या पाठीवर मी 'भेटत राहू' लिहिलं आणि लिहिता लिहिताच कळलं की हे खोटं आहे. तो भुजला परत जाणार होता. भाषणं लांबली. मग शेवटी जे बडोद्यात कुठल्याही कार्यक्रमाचं होतं तेच झालं: कोणीतरी मोबाइलवर गरबा लावला, खुर्च्या भिंतीला गेल्या आणि एप्रिलच्या उकाड्यात, घाम पुसत, नवरात्राला सहा महिने असताना आम्ही गोल धरला. त्या अर्ध्या तासाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बाकी फेअरवेल मला तरी निरोपासारखी वाटली नाही. सगळे एकमेकांचे फोटो काढण्यात होते, आणि मीही.

फोटोंचा मुख्य अड्डा अर्थातच घुमट. आमची आर्ट्स फॅकल्टी म्हणजे 1881 साली सुरू झालेलं जुनं बडोदे कॉलेज. इमारत रॉबर्ट चिझमची. मेजर मँट गेल्यावर त्यानं आखलेल्या लक्ष्मीविलास पॅलेसचं अर्धं राहिलेलं काम ज्यानं पुरं केलं तोच. घुमट एवढा मोठा की पाहुण्यांना दाखवला की लगेच विजापूरच्या गोल घुमटाचा विषय निघतो. माणूस आणि घुमट एकाच चौकटीत बसवायचे तर फोटो काढणाऱ्याला जमिनीवर उताणं पडावं लागतं. त्या आठवड्यात फॅकल्टीसमोर कधीही जा, दोन-तीन मुलं धुळीत पाठ टेकून पडलेली आणि समोर साड्या सावरत मुली उभ्या. शिपाईकाका त्यांना ओलांडून जायचे, काही बोलायचे नाहीत. दर वर्षीचंच.

बुधवारपर्यंत पाच सह्या झाल्या. जिमखान्याच्या भाईंनी फॉर्म बघून विचारलं, ''तू कधी आली होतीस का इकडे?'' मी म्हटलं, नाही. ''दोन वर्षांत एकदाही नाही?'' सही केली, पण अशी मान हलवली की मला कॅरमचा एक डाव तरी खेळून यावंसं वाटलं. हॉस्टेलवर मैत्रिणींच्या गाद्या गुंडाळून दोरीनं बांधलेल्या, व्हरांड्यात बादल्या, रिकामी खोकी, एक विसरलेली इलेक्ट्रिक किटली. एका खोलीच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, 'टू लेट'. मला त्या दिवशी पहिल्यांदा हॉस्टेलवाल्यांचा हेवा वाटला. त्यांना निदान सामान तरी बांधायला होतं. मी दुपारी निघून दांडिया बाजारात जेवायला घरीच जाणार होते, रोजच्यासारखी.

सहावी सही हंसा मेहता लायब्ररीची. मी फॉर्म सरकवला, काउंटरवरच्या भाईंनी नंबर टाकला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, ''एक चोपडी बाकी छे, बेन.''

मराठीत चोपडी म्हटलं की वाण्याची उधारीची वही डोळ्यांसमोर येते. इथे चोपडी म्हणजे पुस्तक. पण त्या क्षणी दोन्ही अर्थ लागू होते. बडोद्याच्या जुन्या वस्तीवरचं, तीस-चाळीस वर्षांपूर्वी छापलेलं एक मराठी पुस्तक मी डिसेंबरात घेतलं होतं. प्रबंधात त्याची दोन वाक्यं वापरली होती. परत केलं असं मी शपथेवर सांगितलं असतं. भाईंनी वाद घातला नाही. ''घेर जोई लो,'' एवढंच म्हणाले. घरी बघून घ्या. ज्या लायब्ररीला हंसाबेनचं नाव आहे तिच्या काउंटरवर मी फिरत्या ग्रंथालयांची नवी एम.ए., पुस्तक हरवून उभी. हंसा मेहता आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' काढून 'सर्व मानव' हे शब्द यावेत म्हणून भांडलेल्या. त्यांच्यापुढे 'विसरले' हे कारण फारच किरकोळ होतं.

घरी येऊन कपाट उपसलं. पलंगाखालची ट्रंक काढली. बाबांनी माळ्यावर चढून दिवाळीच्या पणत्यांचं खोकं सुद्धा उघडून पाहिलं. आई म्हणाली, पैसे भरून मोकळी हो. तेवढ्यात आतल्या खोलीतून आजी म्हणाली, ''कुठलं ग? ते खाकी पुठ्ठा घातलेलं का?''

तिच्या उशाशी होतं. औषधांच्या डब्याखाली. मध्ये दूधवाल्याचं बिल घातलेलं, खूण म्हणून.

''आजी, मी दुपारपासून घर उलटं केलंय!''

''मला कुठे विचारलंस? आणि थांब ने जरा, दोन प्रकरणं राहिलीत.''

हा 'ने' आम्हा बडोदेकरांचा. पुण्याचे नातेवाईक त्यावर हसतात, आम्ही तरी तो सोडत नाही.

आजी 1965 ची होम सायन्स पदवीधर, याच विद्यापीठाची. आमच्या बैठकीच्या खोलीत पणजोबांचं पदवीपत्र काचेत लावलंय, ते मुंबई विद्यापीठाचं, कारण त्यांच्या वेळी बडोदे कॉलेज मुंबईला जोडलेलं होतं. विद्यापीठ झालं 30 एप्रिल 1949 ला आणि दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे संस्थान गेलं ते जाता जाता विद्यापीठ ठेवून. आजी हे असं सांगते की जणू काही ती स्वतः सही करायला बसली होती. तिचं स्वतःचं पदवीपत्र कुठे आहे विचारलं तर म्हणते, असेल ट्रंकेत, मला काय भिंतीवर बघून स्वयंपाक करायचा होता?

गुरुवार गेला. मी तिच्यासमोर बसून राहिले आणि ती वाचत राहिली, भिंगातून, ओठ हलवत. मध्येच थांबून सांगायची. रावपुऱ्यात चिमणाबाई घड्याळाच्या टॉवरपाशी टांगे कुठे उभे राहत. सूरसागराच्या काठच्या संगीतशाळेतून संध्याकाळी गाण्याचा आवाज कसा यायचा. कलाभवनात, म्हणजे महाराजांनी काढलेल्या कला-हुन्नराच्या शाळेत, शिकायला आलेली मुलं आमच्याच गल्लीत खोल्या घेऊन कशी राहत. 'फाळकेही तिथलेच बरं का', हे ती दर वेळी सांगते. दादासाहेब फाळके तिच्या जन्माआधी अर्धशतक कलाभवनात शिकून गेले, पण तिच्या बोलण्यात ते शेजारच्या खोलीतले असतात. दोन वर्षं मी याच शहराचा इतिहास अभ्यासला, आर्काइव्हजच्या फायली उलटल्या, आणि घरी रात्री जेवताना आजीला एक प्रश्न विचारला नाही. ती माझ्या प्रबंधाच्या काळातली नव्हे हे खरं, पण पेटीतली पुस्तकं ज्यांनी वाचली त्यांच्या मुलांना तर ती ओळखत होती. हे मला गुरुवारी दुपारी सुचलं, जेव्हा प्रबंध मरून रेक्झिनमध्ये बंद झाला होता.

शुक्रवारी सकाळी पुस्तक मिळालं. मी ते पिशवीत टाकून स्कूटर काढली. काउंटरवर पोचले.

''मळी गई?''

''मळी गई.''

भाईंनी पुस्तक घेतलं, सवयीनं अंगठ्याखालून पानं सरकवली आणि थांबले. दूधवाल्याचं बिल काढून माझ्यापुढे ठेवलं. मग पुन्हा मागे गेले. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. बारीक, उजवीकडे झुकणारं, मोडीची सवय असलेल्या बापानं गिरवून घेतलेलं आजीचं अक्षर. एका पानावर नव्हे, जवळजवळ सगळीकडे. भाईंना मराठी थोडं वाचता येत होतं. ते एकेक अक्षर लावत होते आणि मी जमिनीकडे बघत होते.

''कोणे लख्युं छे आ?''

''मारां दादीए.''

त्यांनी ड्रॉवर उघडून खोडरबर काढलं, अर्धं झिजलेलं, आणि वाचनकक्षाकडे बोट केलं. वर म्हणाले, ''दादीने कहेजो, पेन्सिलथी लख्युं ए सारुं कर्युं.'' पेन्सिलीनं लिहिलं ते बरं केलं म्हणावं.

वाचनकक्षात परीक्षा उरलेली थोडीच मुलं होती. पंखे फिरत होते. मी खिडकीजवळच्या त्या टेबलावर बसले जिथे दोन वर्षं बसत आले होते, आणि विद्यार्थी म्हणून तिथलं माझं शेवटचं काम म्हणजे खोडणं हे होतं. आधी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढला. एवढं तरी इतिहासानं शिकवलंय. मग वाचत वाचत खोडत गेले.

'टांगे टॉवरच्या या अंगाला उभे राहत, त्या नव्हे.' खोडलं. 'दिवाळीत नाही, दसऱ्याला.' खोडलं. एका ठिकाणी नुसतं 'खरं', पुढच्या पानावर दोनदा 'खरं, खरं'. एका सरदाराच्या वाड्याच्या वर्णनाशेजारी: 'हे कोणी सांगितलं यांना?' आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाचं एक वर्णन होतं, कैरीची डाळ, पन्हं, आरास, जमलेल्या बायका. त्याच्या समासात: 'आम्ही पण होतो.' त्या पानावर रबर जरा वेळ हातातच राहिलं. मग खोडलं. पेन्सिल जोरात टेकवायची तिची सवय आहे, त्यामुळे कागद तिरका धरला की वळ दिसत होते. त्याला माझा इलाज नव्हता. रबराचा भुगा टेबलभर झाला. शेजारचा मुलगा बघत होता, म्हणून तो मी रुमालात गोळा केला.

भाईंनी पुन्हा पानं सरकवली, दंडाची पावती फाडली, माझं लायब्ररी कार्ड मागून घेतलं आणि ड्रॉवरमधल्या तसल्याच कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. सहावा चौकोन भरला. शिक्का थोडा तिरका आला.

संध्याकाळी आम्ही सगळे फाइन आर्ट्सला गेलो. माझी शाळेपासूनची मैत्रीण तिथे शिल्पकला करते. त्यांच्याकडे वर्षाअखेर डिस्प्ले असतो. शेवटच्या वर्षाची मुलं आपापले स्टुडिओ रिकामे करतात, भिंती स्वतः पांढऱ्या रंगवतात, दिवे लावतात आणि आपलं काम मांडून त्यापाशी उभी राहतात. कोणीही यावं, बघावं, विचारावं. 1950 साली ही फॅकल्टी सुरू झाली तेव्हा चित्रकला शिकवायला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे होते, शिल्पकलेला शंखो चौधरी. तेव्हापासूनचा तिथला मोकळेपणा अजून टिकून आहे असं मला वाटतं. माझी जळफळ तीच. आमचं दोन वर्षांचं काम एका ऑफिसच्या कपाटात गेलं, मरून पाठ बाहेर करून. यांचं काम दिव्याखाली, आणि सबंध बडोदं बघायला आलेलं. आज्या, पोरं, स्टेशनाकडून चालत आलेला कोणी माणूस, अंगावर चुन्याचे डाग असलेले रंगारी.

मैत्रिणीनं विटांचा एक उभा ढिगारा केला होता, प्रत्येक विटेवर बोटांचे ठसे. ती तीन रात्री झोपली नव्हती. तिच्या आईनं डब्यातून ढोकळा आणला होता आणि ती शिल्पाशेजारी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रह करत होती. एका गृहस्थानं शिल्पाकडे बघून गंभीरपणे विचारलं, ''हे पुरं झालंय का?'' मैत्रीण म्हणाली, ''आज संध्याकाळी साडेपाचला झालं.'' ढोकळा मात्र चांगला होता. नंतर बाहेर पिंपळाखाली कोणीतरी ढोल काढला, माइक नाही, काही नाही, आणि नवरात्रात इथे जसा नुसत्या गळ्यानं आणि ढोलावर गरबा होतो तसा गोल आपोआप जमला. मी त्यात शिरले. पलीकडे भुजचा तो मुलगा होता, अजून गेला नव्हता. त्याच्या शर्टाच्या पाठीवर माझं 'भेटत राहू' घामानं पसरलं होतं. त्यानंतर सेव-उसळ, दोनदा तर्री मागून, दोनदा पाव मागून, पाच जणांत मिळून. तिखटानं सगळ्यांचे डोळे पाणावले होते, ते बरंच झालं.

घरी आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आजी जागीच होती, खाटेवर पाय सोडून.

''दिलंस पुस्तक?''

''दिलं.''

''माझ्या खुणा पाहिल्या त्यांनी?''

''पाहिल्या. मग माझ्याकडून खोडून घेतल्या.''

''सगळ्या?''

''सगळ्या. पण आधी फोटो काढलेत मी.''

मी फोन पुढे केला. तिनं भिंग लावून एक-दोन पानं पाहिली, बोटानं सरकवता येईनात म्हणून फोन परत दिला.

''तुझ्या फोनात ठेवून काय करू? टांगे त्या अंगालाच राहिले ने पुस्तकात.'' मग जरा वेळानं, उशी सारखी करत: ''लेखकाला कार्डच लिहिते सरळ. पहिल्या पानावर पत्ता होता, मी वाचला होता. तेवढं उद्या ते पुस्तक पुन्हा घेऊन ये.''

मी हो म्हटलं. कार्ड जमा झालंय हे त्या वेळी सांगितलं नाही.